स्मृतिभ्रंशावरचे सलाईन : एका निर्णयाचा इतिहास

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना दाखल करण्यात आले. त्यांचे पती कार्ल रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. गेल्या काही महिन्यांत पत्नी पार बदलून गेली होती. आधी ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेऊ लागली. मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या. घरातल्या वस्तू ती कुठेतरी लपवून ठेवी आणि मग त्या कुठे आहेत हे तिलाच आठवत नसे. पुढे पुढे ती मोठमोठ्याने ओरडू लागली.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातील डॉक्टरांनी तिला काही साधे प्रश्न विचारले. नाव विचारल्यावर तिने आउगुस्टे असे सांगितले. आडनाव विचारले, तरी आउगुस्टे. नवऱ्याचे नाव विचारले, तर थोडे थांबून तिने पुन्हा स्वतःचेच नाव सांगितले. डॉक्टरांनी काही वस्तू दाखवल्या, त्यांची नावे तिने बरोबर ओळखली. पण काय काय दाखवले होते हे थोड्या वेळाने तिला सांगता येईना. दुपारी जेवताना ताटात फ्लॉवर होता, ती मात्र आपण पालक खात आहोत असे म्हणाली. नाव लिहायला सांगितले, तर पहिला शब्द लिहून पुढचे विसरली. आपण स्वतःच हरवलो आहोत, अशा अर्थाचे उद्गारही तिच्या तोंडून येत. डॉक्टरांनी हे सर्व नोंदवून ठेवले. त्यांचे नाव ॲलॉइस अल्झायमर. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची स्वतःची पत्नी वारली होती.

ही कागदपत्रे पुढे गहाळ झाली होती. १९९५ साली फ्रँकफर्टमध्येच कोन्राड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती सापडली, म्हणून हे संवाद आज आपल्याला कळतात. पण या लेखात आमचे लक्ष आहे ते कार्ल डेटर यांच्याकडे. त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते : पत्नीला घरी सांभाळायचे की रुग्णालयात ठेवायचे. औषध घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्नच नव्हता, कारण औषध नव्हते. आज असा प्रश्न जगभरातील कित्येक पती-पत्नींपुढे उभा आहे. शिरेवाटे, म्हणजे आपण व्यवहारात म्हणतो तसे 'सलाईनमधून', दिले जाणारे औषध निघाले आहे. ते आजार बरा करत नाही. त्याचा वेग थोडा कमी करते. त्यात धोकाही आहे. अशा वेळी 'हो' म्हणावे की 'नाही', हे ठरवायचे कसे? त्यासाठी हे औषध कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत आले, हे माहीत असणे उपयोगी पडते.

चांदीच्या क्षारात उमटलेले चित्र

आउगुस्टे डेटर ८ एप्रिल १९०६ रोजी मरण पावल्या. शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. तोपर्यंत अल्झायमर म्यूनिकला एमिल क्रेपेलिन या विख्यात मनोविकारतज्ज्ञांकडे काम करू लागले होते. त्यांनी आउगुस्टेचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारांनी रंगवले. ही रंगवण्याची पद्धत तेव्हा नवीनच होती.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोन गोष्टी दिसल्या. चेतापेशींच्या आत धाग्यांची गुंतवळ झालेली होती. केस विंचरल्यावर फणीत अडकते ना, तशीच. आणि पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत, कुठल्याशा पदार्थाचे साचलेले ठिपके होते. पहिल्यांना आपण 'गुंतवळी' आणि दुसऱ्यांना 'पट्टिका' म्हणू. पुष्कळ चेतापेशी तर नाहीशाच झाल्या होत्या.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत अल्झायमर यांनी हे सादर केले. सभेत कोणी एकही प्रश्न विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, अल्झायमर वारले.

पुढची पन्नास वर्षे हा पन्नाशी-साठीतल्या माणसांना होणारा एक दुर्मिळ आजार मानला गेला. म्हातारपणी येणारी विस्मृती वेगळी, तिला 'म्हातारचळ' म्हणून सोडून द्यावे, अशीच समजूत होती. १९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी मृत वृद्धांच्या मेंदूतील पट्टिका मोजल्या आणि त्यांचा संबंध हयातीतल्या स्मृतिभ्रंशाशी जोडून दाखवला. १९७६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले की वृद्धांमधला स्मृतिभ्रंश आणि आउगुस्टेचा आजार हे बहुतांशी एकच आहेत. एका लेखाने दुर्मिळ आजार सार्वत्रिक झाला! आज भारतातच साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि स्मृतिभ्रंशाच्या कारणांत अल्झायमरचा आजार सर्वांत पुढे आहे.

गोळ्यांचा काळ

१९७६ च्याच सुमारास असे आढळले की या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन हे निरोप पोहोचवणारे रसायन फार कमी तयार होते. मग ते मोडणाऱ्या विकराला अटकाव केला, तर असलेले रसायन अधिक काळ टिकेल, हा विचार पुढे आला. त्यातून १९९३ साली अमेरिकेत टॅक्रिन या औषधाला मान्यता मिळाली. ते यकृताला त्रासदायक ठरले. १९९६ मध्ये डोनेपेझिल आले, नंतर त्याच जातीची आणखी दोन औषधे आली. २००३ मध्ये वेगळ्या मार्गाने काम करणारे मेमँटिन आले. ही औषधे आजही वापरली जातात आणि भारतात सहज मिळतात. त्यांनी काही रुग्णांना काही काळ बरे वाटते. पण आत चाललेली पेशींची झीज थांबत नाही. गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखे हे आहे. बादलीचा उपयोग असतोच, पण कौल फुटलेले ते फुटलेलेच.

ठिपक्यांत काय होते?

फुटलेले कौल कोणते, याचा शोध १९८४ साली सुरू झाला. अमेरिकेतील जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूभोवतालच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधून एक छोटे प्रथिन वेगळे काढले. त्याला आज 'बीटा-ॲमिलॉइड' म्हणतात. पुढच्याच वर्षी पट्टिकांमध्येही तेच प्रथिन असल्याचे दिसून आले. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असते, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

१९८७ मध्ये या प्रथिनाच्या मूळ जनुकाचा ठावठिकाणा लागला : गुणसूत्र क्रमांक २१. ज्यांच्यात हे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, त्या डाउन लक्षणसमूहाच्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीतच पट्टिका का दिसतात, याचा उलगडा त्यामुळे झाला. १९९१ मध्ये काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या लवकर येणारा आजार या जनुकातील बदलामुळे होतो हे सिद्ध झाले. १९९२ साली जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी सर्व धागे एकत्र बांधले : आधी ॲमिलॉइड साचते, त्यापाठोपाठ गुंतवळी होतात, पेशी मरतात आणि मग स्मृती जाते. एकामागून एक सोंगट्या पडाव्यात तशी ही मालिका. तर मग पहिलीच सोंगटी धरून ठेवली तर?

लस, अपयश आणि पुन्हा लस

१९९९ मध्ये डेल शेंक आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर एक धाडसी प्रयोग केला. हे उंदीर मेंदूत पट्टिका साचतील असे घडवलेले होते. त्यांना बीटा-ॲमिलॉइडचीच लस टोचली. शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवली आणि पट्टिका कमी झाल्या. माणसांवर चाचणी सुरू झाली. पण जानेवारी २००२ मध्ये ती थांबवावी लागली, कारण लस दिलेल्या २९८ जणांपैकी १८ जणांना मेंदू व त्याच्या आवरणांचा दाह झाला. म्हणजे दर १०० त ६ जणांना.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की शरीराला प्रतिपिंडे बनवायला लावण्यापेक्षा ती बाहेर बनवून मोजून द्यावीत. प्रतिपिंड हे मोठे प्रथिन आहे. गोळीतून दिले तर पोटात ते डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाईल. म्हणून ते शिरेवाटे द्यावे लागते. सलाईनची बाटली या गोष्टीत आली ती अशी.

पहिली प्रतिपिंडे अपयशी ठरली. बापिन्यूझुमॅब २०१२ मध्ये, सोलानेझुमॅब २०१२ आणि २०१६ मध्ये. या चाचण्यांमधून एक लाजिरवाणी गोष्टही कळली. काही रुग्णांच्या मेंदूत पट्टिका नव्हत्याच; त्यांचा स्मृतिभ्रंश दुसऱ्याच कारणाने होता. जिवंत माणसाच्या मेंदूतील पट्टिका पाहण्याची सोय तोवर नवीन होती. पट्टिकांना चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ वापरून त्यांचे चित्र काढण्याची पद्धत २००४ साली प्रसिद्ध झाली होती, पण ती चाचण्यांमध्ये रुळायला वेळ लागला. आज सलाईन सुरू करण्याआधी असे चित्र किंवा पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी करून पट्टिका आहेत की नाहीत हे पाहतात.

२०२१ साली अडुकॅन्युमॅब या प्रतिपिंडावरून मोठा वाद झाला. त्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०१९ च्या मार्चमध्ये 'यश येण्याची शक्यता नाही' म्हणून थांबवल्या होत्या. काही महिन्यांनी कंपनीने अधिक माहिती तपासून एका चाचणीत फायदा दिसतो असे सांगितले. दुसरीत तो दिसत नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीतील जवळजवळ सर्वांनी पुरावा अपुरा असल्याचे मत दिले, तरीही जून २०२१ मध्ये औषधाला सशर्त मान्यता मिळाली. समितीतील तीन सदस्यांनी राजीनामे दिले. वर्षाची किंमत सुरुवातीला ५६,००० डॉलर ठेवली होती. २०२४ च्या जानेवारीत कंपनीने हे औषध बंद करत असल्याचे जाहीर केले. मान्यता मिळाली म्हणजे पुरावा पक्का झाला असे नाही, हा धडा या प्रकरणातून घ्यावा.

त्याच काळात दुसरे एक प्रतिपिंड पुढे सरकत होते. त्याचे मूळ स्वीडनमधील आहे. उप्साला येथील लार्स लानफेल्ट यांनी २००१ साली एका कुटुंबातील आगळा जनुकबदल वर्णन केला. त्यात ॲमिलॉइडचे रेणू एकत्र येऊन मधल्या अवस्थेतील छोटे धागे लवकर तयार होत. म्हणजे घातक गोष्ट ती असावी, या तर्काने त्या धाग्यांना पकडणारे प्रतिपिंड बनवले गेले. तेच लेकॅनेमॅब. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. जुलै २०२४ मध्ये डोनॅनेमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडालाही मिळाली.

०.४५ म्हणजे किती?

लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ लोक होते. वय ५० ते ९०, आजार अगदी सुरुवातीचा. ८९८ जणांना औषध आणि ८९७ जणांना तसेच दिसणारे, औषध नसलेले द्रावण. कोणाला काय दिले जाते हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. दर दोन आठवड्यांनी सलाईन, असे १८ महिने.

परिणाम मोजायचा कसा? येथे शिक्षकांना ओळखीची वाटेल अशी एक 'गुणपत्रिका' वापरली जाते. तिच्यात सहा विषय आहेत : स्मृती, स्थळ-काळाचे भान, विचार करून प्रश्न सोडवणे, समाजातील व्यवहार, घरकाम व छंद, आणि स्वतःची काळजी. प्रत्येक विषयाला ० ते ३ गुण. एकूण गुण १८. आपल्या परीक्षेच्या उलट, येथे शून्य सर्वांत चांगले आणि १८ सर्वांत वाईट. विशेष म्हणजे हे गुण केवळ रुग्णाशी बोलून देत नाहीत. त्याला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीला, बहुधा जोडीदारालाच, स्वतंत्रपणे विचारतात : पैशांचे व्यवहार जमतात का? रस्ता चुकतो का? आंघोळीची आठवण करून द्यावी लागते का? म्हणजे या विज्ञानात जोडीदार हा केवळ काळजी घेणारा नाही, मोजमापाच्या साधनाचाच तो भाग आहे.

सुरुवातीला दोन्ही गटांची सरासरी सुमारे ३.२ होती. १८ महिन्यांनी औषध नसलेल्या गटाचे गुण १.६६ ने वाढले, म्हणजे तब्येत तेवढी बिघडली. औषध घेतलेल्या गटाचे १.२१ ने वाढले. फरक ०.४५.

हा आकडा दोन प्रकारे सांगता येतो, आणि वरच्या वर्गांत गणिताच्या तासाला तो जरूर मांडून पाहावा. ०.४५ भागिले १.६६ केले तर २७ टक्के येतात. 'आजाराचा वेग २७ टक्क्यांनी कमी' असे मथळे छापून आले ते यावरून. पण ०.४५ भागिले १८ केले, तर अडीच टक्के येतात. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. एक ऐकून आशा वाटते, दुसरा ऐकून निराशा.

आम्हाला तिसरा हिशेब अधिक उपयोगाचा वाटतो. औषध नसलेला गट महिन्याला सरासरी १.६६ भागिले १८, म्हणजे सुमारे ०.०९२ गुणांनी घसरत होता. या वेगाने १.२१ पर्यंत घसरायला त्याला १३ महिने लागले असते. औषध घेतलेल्या गटाला तेथे पोहोचायला १८ महिने लागले. म्हणजे पाच महिन्यांचा फरक. घसरण सरळ रेषेत झाली असे धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण घरात बोलताना तो कळतो. दीड वर्ष दर पंधरवड्याला सलाईन घेऊन सरासरी पाच महिने मिळाले.

पाच महिने थोडे की फार? याचे उत्तर संख्याशास्त्रात नाही. नातवंडांची नावे आठवणारे, वर्तमानपत्र वाचणारे पाच महिने एखाद्याला अमूल्य वाटतील. दुसऱ्याला वाटेल की त्या दीड वर्षात जवळजवळ चाळीस दिवस रुग्णालयात घालवण्यापेक्षा गावी जाऊन राहावे. शिवाय ही सरासरी आहे. कोणाला अधिक लाभ झाला, कोणाला काहीच नाही, आणि आपल्या माणसाच्या वाट्याला काय येईल हे आधी सांगता येत नाही. ज्याला औषध दिले तो न देता कसा राहिला असता, हे पाहण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

फायदा इतका मर्यादित का, हेही विद्यार्थी विचारतील. पट्टिका साचायला लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरुवात होते. आपण पहिली सोंगटी धरतो तेव्हा पुढच्या बऱ्याच पडून गेलेल्या असतात. प्रतिपिंड पट्टिका झपाट्याने साफ करते, पण गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत.

भिंतींना सुटणारी ओल

आता ग्लेनर यांच्या रक्तवाहिन्यांकडे परत जाऊ. ॲमिलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचलेले असते. प्रतिपिंडे ते तिथूनही काढू लागतात तेव्हा भिंती काही काळ कच्च्या होतात. त्यातून द्रव झिरपून मेंदूला सूज येते, कधी बारीक रक्तस्राव होतो. लेकॅनेमॅबच्या चाचणीत औषध घेतलेल्या १०० पैकी सुमारे १३ जणांच्या मेंदूत अशी सूज दिसली. औषध न घेतलेल्यांत २ जणांच्या. बहुतेकांना काही जाणवले नाही, चुंबकीय चित्रणात ती आढळली आणि काही महिन्यांत ओसरली. १०० पैकी सुमारे ३ जणांना मात्र डोकेदुखी, गोंधळ, दृष्टीदोष अशी लक्षणे आली. क्वचित ही गुंतागुंत जिवावर बेतते. डोनॅनेमॅबच्या मोठ्या चाचणीत तीन मृत्यू उपचाराशी संबंधित मानले गेले. लेकॅनेमॅब घेणाऱ्या एका रुग्णाला पक्षाघाताची लक्षणे दिसली म्हणून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले, आणि मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी या उपचारात फार सावध राहावे लागते.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. १९९३ साली 'एपीओई-४' या जनुकप्रकाराचा अल्झायमरशी संबंध सापडला होता. ज्यांच्याकडे त्याची एकही प्रत नाही, त्यांच्यापैकी ५.४ टक्क्यांना लेकॅनेमॅबने सूज आली. एक प्रत असणाऱ्यांत १०.९ टक्क्यांना. आईवडील दोघांकडूनही एकेक प्रत आलेल्यांत ३२.६ टक्क्यांना. म्हणूनच युरोपात २०२५ साली मान्यता देताना दोन प्रती असणाऱ्यांना वगळले गेले.

सलाईन सुरू करण्याआधी ही जनुकीय तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. पण तिचे उत्तर एकट्या रुग्णापुरते राहत नाही. आईच्या दोन्ही प्रती एपीओई-४ असतील तर प्रत्येक मुलाकडे किमान एक प्रत असणारच, हे मेंडेलचे नियम शिकलेला दहावीचा विद्यार्थीही सांगेल. ज्याने विचारले नाही, त्यालाही मग उत्तर मिळते. म्हणून तपासणीआधी मुलांशी बोलावे.

उपचारात आणखी काय करावे लागते तेही पाहू. लेकॅनेमॅबचे प्रमाण वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६०० मिलिग्रॅम. एका वेळेस सुमारे तासभर सलाईन. चारातल्या एकाला त्या वेळी थंडी-ताप, मळमळ असा त्रास होतो, विशेषतः पहिल्या खेपेस. सुरू करण्यापूर्वी आणि ठरावीक टप्प्यांवर मेंदूचे चुंबकीय चित्रण. २०२५ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या सलाईनच्या आधीच एक जादा चित्रण करण्याची सूचना आली. औषधाची किंमत अमेरिकेत २०२३ साली वर्षाला २६,५०० डॉलर जाहीर झाली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २२ लाख रुपये. चित्रणे आणि प्रवास वेगळे. हे सर्व जोडीदारालाच सांभाळायचे असते, आणि बहुधा तोही साठी-सत्तरी ओलांडलेला असतो.

कार्ल आज आले असते तर

समजा, कार्ल आणि आउगुस्टे आज डॉक्टरांकडे आले. वय ५१, चाचणीच्या नियमात बसणारे. जनुकाचे काय? योगायोगाने हेही आपल्याला माहीत आहे. १९९० च्या दशकात म्यूनिकमध्ये आउगुस्टेच्या मेंदूचे मूळ काप सापडले आणि मान्युएल ग्रेबर व सहकाऱ्यांनी त्यांतून तिचा जनुकप्रकार शोधला. एपीओई-४ ची एकही प्रत नव्हती. म्हणजे सुजेचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटात ती मोडली असती.

तरीही डॉक्टरांनी 'नाही' म्हटले असते. स्वतःचे आडनाव आणि नवऱ्याचे नाव सांगता न येणारी व्यक्ती सौम्य अवस्थेच्या बरीच पुढे गेलेली असते. ही औषधे तपासली गेली आहेत ती फक्त सुरुवातीच्या अवस्थेत. नोव्हेंबर १९०१ मध्ये उशीर झालेला होता. योग्य वेळ होती ती काही महिने आधीची, जेव्हा ती नवऱ्यावर उगाच संशय घेत होती, भाजीत चुका करत होती, आणि घरी 'स्वभाव बदलला' एवढेच म्हटले जात होते.

यातून जो मुद्दा निघतो तोच आम्हाला शिक्षकांपुढे ठेवायचा आहे. सलाईन देता येते ती अवस्था कोणती? ज्या अवस्थेत माणूस अजून स्वतःचे नाव, घर, माणसे ओळखतो, वाचतो, भांडतो, स्वतःचे मत सांगतो. म्हणजे औषध ज्या काळात उपयोगी पडण्याची शक्यता आहे, नेमक्या त्याच काळात रुग्ण स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. मग हा 'पत्नीसाठी नवऱ्याने' किंवा 'नवऱ्यासाठी पत्नीने' घ्यायचा निर्णय आहे, असे आपण का धरून चालतो?

आपल्याकडे आजाराचे नाव रुग्णापासून लपवण्याची रीत आहे. त्यात माया असते, हे आम्ही नाकारत नाही. मुलगा, सून, जावई, डॉक्टर दुसऱ्या खोलीत बसून ठरवतात आणि ज्याच्या शिरेत सुई जायची तो बाहेर चहा पीत असतो. इतर आजारांत ही चूक नंतर दुरुस्त करता येते. बरे झाल्यावर माणसाला सांगता येते. या आजारात नंतर सांगायला समोर ते माणूस तसे उरत नाही.

म्हणून पट्टिका आहेत असे सिद्ध झाल्यावर पहिला प्रश्न जोडीदाराने स्वतःला विचारू नये. समोर बसलेल्या माणसाला विचारावा : पुढच्या दीड वर्षात तुला काय करायचे आहे? सरासरी पाच महिने मिळण्याची शक्यता, शंभरात तेरा जणांना येणारी सूज, दर पंधरवड्याची खेप आणि खर्च, हे सगळे सांगून विचारावे. उत्तर एकाच बैठकीत मिळणार नाही. ते लिहून ठेवावे, आणि उपचार कधी थांबवायचा हेही त्यात असावे. सूज आली तर थांबायचे का? सुईची भीती वाटू लागली तर? घरच्यांची नावे आठवेनाशी झाली तर? हा शेवटचा प्रश्न विचारणे फार कठीण आहे. पण तो नंतर विचारता येत नाही.

उत्तर 'हो' आले तर ते विज्ञाननिष्ठ आणि 'नाही' आले तर अडाणी, असे मुळीच नाही. मेंदूत आधीच बारीक रक्तस्राव झालेले असतील, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, एपीओई-४ च्या दोन प्रती असतील, किंवा सोबत येणारे कोणीच नसेल, तर 'नाही' हेच बहुधा बरोबर उत्तर असते. आणि 'नाही' म्हटल्यावर करण्यासारखे काही उरत नाही असेही नाही. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, कानाला कमी ऐकू येत असेल तर यंत्र लावणे, रोजचे चालणे, माणसांत राहणे, जुन्या गोळ्या, आणि काळजी घेणाऱ्याला हक्काची विश्रांती, हे सर्व सलाईन घेणाऱ्यालाही लागते आणि न घेणाऱ्यालाही.

आम्ही प्रयोगशाळेतली माणसे सरासरीत बोलतो. १,७९५ जणांशिवाय आम्हाला ०.४५ हा आकडा दिसलाच नसता, आणि आउगुस्टेच्या मेंदूच्या कापांशिवाय त्या १,७९५ जणांची चाचणीही झाली नसती. पण सरासरीला कोणी घरी सांभाळत नाही. घरी असते ते एकच माणूस. कार्ल डेटर यांना पत्नीला काय हवे आहे हे विचारण्याची संधी मिळाली नाही. तिच्या आजाराला तेव्हा नावही नव्हते. आज नाव आहे, तपासणी आहे, थोडेसे औषध आहे. विचारण्यासाठी काही महिनेही आहेत. ते वाया जाऊ नयेत.